न पाठवलेलं संमतिपत्र

पद्मजा तळपदे यांनी परळच्या कॉलेजात फ्रेंच विभाग सुरू केला तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि सगळं कॉलेज त्यांना हसलं होतं. मराठीच्या एका प्राध्यापकांनी तर भर स्टाफरूममध्ये विचारलं होतं, "बाई, या पोरांचे बाप संप फुटल्यापासून घरी बसलेत. फ्रेंच शिकून ही काय दिवे लावणार?"

 त्या हसण्याची अढी पद्मजाबाईंच्या मनात कायमची बसली. गिरगावातलं त्यांचं माहेर, दादरचं सासर. दोन्हीकडे आवाज चढवून बोलायची रीत नव्हती. त्यांनी जे केलं ते गुपचूप, दात-ओठ खाऊन केलं. वर्गावर्गात जाऊन मुलं गोळा केली. तिसऱ्या मजल्यावरची एक्केचाळीस नंबरची खोली भांडून मिळवली, कपाटं मागून आणली, दिसेल त्याच्याकडून पुस्तकं घेऊन चारशेपर्यंत नेली. दर मार्चमध्ये त्या 'फ्रेंच दिवस' करायच्या. पांढरे टेबलक्लॉथ, काटे-चमचे, चीजचे पातळ काप, मुलींचं समूहगान. मुलांनी वर्षातून एक दिवस तरी वेगळ्या हवेत श्वास घ्यावा, असं त्यांना मनापासून वाटायचं. ती वेगळी हवा खालच्या रस्त्यावरच्या हवेपेक्षा वरच्या दर्जाची आहे, हेही त्यांना तितकंच मनापासून वाटायचं.

तीस वर्षं अशी गेली. निवृत्तीला थोडी वर्षं उरली आणि विभागात मुलं उरली अकरा.

अशा वेळी आकांक्षा घाडीगावकर तासिका तत्त्वावर शिकवायला आली. घोडपदेवच्या चाळीत वाढलेली, बारा वर्षांपूर्वी याच खोलीत दुसऱ्या बाकावर बसणारी मुलगी. बाईंना ती आठवत होती. मेहनती होती, पण घशातला फ्रेंच 'र' काढताना इतका जोर लावायची की वर्ग हसायचा. पदवीनंतर ती सल्ला विचारायला आली तेव्हा बाईंनी तिला सांगितलं होतं, "एम.ए. वगैरेच्या फंदात पडू नकोस. एखादी नोकरी बघ." तिने ऐकलं नव्हतं. कालिन्याला विद्यापीठात जाऊन एम.ए. केलं, पहिली आली, आणि आता ती बाईंच्या समोरच्या टेबलाशी बसत होती.

आकांक्षाने वर्षभरात विभाग उलटापालटा केला. मुलांना लालबागच्या मसाला गल्लीत नेलं आणि मिरच्या कांडणाऱ्या बायकांविषयी फ्रेंचमध्ये बोलायला लावलं. कुणी परळच्या हॉस्पिटलांबाहेर फूटपाथवर राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांवर बोललं, कुणी कॉटन ग्रीनच्या गोदामांवर. मोबाइलवर काढलेले ते व्हिडिओ इन्स्टाग्रामवर फिरले. पुढच्या जूनमध्ये फ्रेंचला चौसष्ट मुलं आली.

प्राचार्य रमाकांत सामंत स्वतः तिसरा मजला चढून अभिनंदन करायला आले. त्यांनी हात पुढे केला तो आकांक्षाकडे.

त्या दिवशी बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"व्हिडिओ पाहिले मी. यात फ्रेंच कुठे आहे?"

"सगळं फ्रेंचमध्येच आहे, मॅडम."

"ही फ्रेंच नाही. ही घोडपदेवची बोली आहे, फक्त शब्द फ्रेंच आहेत. आणि ती मुलं पुटपुटतात. एक शब्द धड ऐकू येत नाही."

आकांक्षाने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं, मॅडम," एवढंच म्हणाली.

तिथून पुढे बाईंनी तिला सुखाने बसू दिलं नाही. सकाळी सातचे तास तिच्या वाट्याला, शनिवारचे तास तिच्या वाट्याला. भाषा प्रयोगशाळेची चावी बाईंच्या पर्समध्ये. मुलांसमोर तिचे उच्चार सुधारायचे, तिने फळ्यावर लिहिलेलं पुसून तेच पुन्हा स्वतःच्या अक्षरात लिहायचं. आकांक्षाही काही गरीब गाय नव्हती. ती उलटून बोलायची नाही, पण बाईंनी चावी दिली नाही की मुलांना घेऊन कॅन्टीनमध्ये बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगायची. स्टाफरूममध्ये दोघींचे डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडू लागले.

एक गोष्ट मात्र बाई कुणाला सांगत नव्हत्या, स्वतःलाही नाही. घरी टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. नवरा, माधवराव, दुसऱ्या खोलीत जाऊन पेपर वाचायचे. वर्गात मागच्या बाकावरून कुणी काही विचारलं की बाई म्हणायच्या, "तोंड उघडून बोला." हल्ली त्या तोंडी परीक्षाही लेखी घेत होत्या.

आकांक्षाच्या ते ध्यानात आलं होतं. एकदा ऑगस्टमध्ये खोलीत दोघीच असताना तिने दार लावून घेतलं, खुर्ची ओढून बाईंच्या उजव्या बाजूला बसली आणि सावकाश म्हणाली, "मॅडम, रागावू नका. माझे बाबा मिलमध्ये मागावर होते. त्या आवाजाने त्यांचे कान गेले. आम्हाला वाटायचं, मुद्दाम ऐकत नाहीत. नंतर केईएम हॉस्पिटलात दाखवलं, कानाचं मशीन मिळालं. तुम्ही पण एकदा तपासून घ्या ना. मी येईन सोबत."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हिने दार लावलं, हिने बऱ्या कानाची बाजू निवडून खुर्ची ठेवली, म्हणजे किती दिवस ही आपल्याला जोखत होती?

"मी मागावर काम केलेलं नाही, आकांक्षा."

"तसं नाही मॅडम, मी फक्त—"

"तू फक्त तुझे तास घे. आणि एक लक्षात ठेव. यापुढे विद्यार्थ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, मी विचारल्याशिवाय तू तोंड उघडायचं नाहीस. या विभागाची प्रमुख मी आहे."

आकांक्षा उठली. खुर्ची जिथली तिथे ठेवली. "ठीक आहे. नाही उघडणार."

डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या एका विद्यापीठातून तीन माणसं येणार असं कळलं. दक्षिणेकडच्या एका छोट्या शहरातलं विद्यापीठ. त्यांना मुंबईतल्या एका कॉलेजशी करार करायचा होता. दर वर्षी दोन विद्यार्थी सहा महिन्यांसाठी तिकडे, एक शिक्षक तीन महिन्यांसाठी, शिवाय पुस्तकं, सिनेमे, तिकडचे पाहुणे व्याख्याते. तीस वर्षं बाईंनी ज्याची वाट पाहिली ते आपल्या पायांनी चालत येत होतं. व्हिडिओ पाहून ते लोक येत होते, हे प्राचार्यांनी सांगितलं तेव्हा बाईंनी मान हलवली आणि पांढरे टेबलक्लॉथ धुवायला टाकले.

कार्यक्रम त्यांनी स्वतः आखला. समूहगान, विभागाचा इतिहास, चीज, आभार. मुलांचे व्हिडिओ यादीत नव्हते. बोलणार एकट्या बाई.

समूहगान पार पडलं. विभागाचा इतिहास बाईंनी कागदावरून वाचला, आणि त्यांचं वाचन खरोखर सुंदर होतं. पाहुण्यांची प्रमुख, मादाम वेरोनिक नावाची पन्नाशीची उंच बाई, कौतुकाने ऐकत होती. मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. सभागृहाचे आठ पंखे घरघरत होते, माइक फुटका होता, आणि मादाम भरभर बोलत होती.

ती विचारत होती, तुमच्याकडे मुली किती? फ्रेंचमध्ये मुलींना 'फीय' म्हणतात. पद्मजाबाईंना त्यातली फक्त लांबलेली 'ई' ऐकू आली आणि त्यांनी ऐकलं 'लीव्र'. म्हणजे पुस्तकं.

"चारशे," बाई हसून म्हणाल्या. "पण बरीचशी जुनी झालीत. काहींच्या पाठी निघाल्यात. खरं सांगायचं तर गेल्या दहा वर्षांत त्यांना कुणी हात लावलेला नाही."

सभागृहात ज्यांना फ्रेंच कळत होतं ते आधी गप्प झाले. मग मागून एक हसू फुटलं, आणि ते दाबायला गेलेल्यांचं आणखी मोठं फुटलं. मादाम वेरोनिकचे डोळे विस्फारले. तिने काहीतरी चुकतंय असं समजून प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी शब्द बदलून. बाईंना काहीच उमगलं नाही. त्यांनी अंदाजाने ग्रंथालयाची वेळ सांगितली.

आकांक्षा मंचाशेजारी खाली, त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या मुलीकडे मदतीसाठी पाहिलं. आकांक्षा समोर बघत राहिली. दोन्ही हात मांडीवर, ओठ मिटलेले.

तिसरा प्रश्न आला. बाईंनी समोरचे कागद उलटले. एवढ्यात तिसऱ्या वर्षाचा सुशांत नावाचा मुलगा उठला आणि जागेवरूनच मोठ्याने फ्रेंचमध्ये म्हणाला, "मादाम, मी सांगू का?" त्याची आई हॉस्पिटलात आया होती. मुली किती, त्यांच्या घरचे काय करतात, त्या फ्रेंच का शिकतात, हे त्याने सगळं सांगितलं. अडखळला, चुकला, पण थांबला नाही. मग दुसरी मुलं उठली. अर्धा तास मुलंच बोलत होती. मादाम वेरोनिक खुर्ची उचलून त्यांच्यामध्ये जाऊन बसली, मागोमाग बाकीचे दोघेही. मंचावर पद्मजाबाई एकट्या राहिल्या, समोर चीजच्या बशा.

पाहुणे गेल्यावर बाईंनी आकांक्षाला एक्केचाळीसमध्ये गाठलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"तू ऐकत होतीस, मी काय बोलतेय ते. एक शब्द कानात सांगता आला नसता?"

"आला असता."

"मग?"

"तुम्हीच सांगितलं होतं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." आकांक्षाने टेबलावरची वही मिटली. "मी मनात म्हटलं, विचारतील तर सांगेन. तुम्ही नुसतं बघितलंत, मॅडम. विचारलं नाहीत."

"तू मला बुडवलंस."

"मी वाचवलं नाही. त्याला बुडवणं म्हणत असाल तर म्हणा."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. विद्यापीठाने हेच कॉलेज निवडलं होतं. कराराच्या पहिल्या वर्षी जाणारे विद्यार्थी म्हणून त्यांनी सुशांतचं आणि आणखी एका मुलीचं नाव सुचवलं होतं. समन्वयक म्हणून त्यांना आकांक्षा घाडीगावकर हव्या होत्या. संमतिपत्रावर प्राचार्यांची सही घेऊन एकतीस जानेवारीपर्यंत ते विभागाच्या ईमेलवरून पाठवायचं होतं. विभागाचा पासवर्ड फक्त विभागप्रमुखांकडे होता.

प्राचार्यांनी सही केली आणि कागद बाईंच्या हातात दिला. "मॅडम, हे तुमचंच यश आहे. झाड तुम्हीच लावलंत."

झाड मी लावलं आणि फळं तिने खायची, असं बाईंच्या मनात आलं. बोलल्या मात्र, "पाठवते."

एकोणतीस तारखेला दुपारी त्यांनी कागद स्कॅन केला. फ्रेंचमध्ये छान मेल लिहिली. दोनदा वाचली, एका अक्षरावरचं राहिलेलं चिन्ह घातलं. आता एक बटण दाबायचं बाकी होतं. समोरच्या वर्गाच्या दाराला काच होती. काचेपलीकडे आकांक्षा काहीतरी सांगत होती आणि मुलं हसत होती. उघडी तोंडं, हलणारे खांदे. आवाज काहीच नाही. बाई ते बघत राहिल्या. मुलं आपल्यालाच हसताहेत, त्या पुस्तकांवरून अजून हसताहेत, अशी त्यांची खात्री पटली.

त्यांनी लॅपटॉप मिटला.

तीस तारखेला त्यांनी रजा टाकली. एकतीसला शुक्रवारी साडेपाचपर्यंत त्या खोलीत बसून होत्या. मेल तयार होती. ना त्यांनी ती पाठवली, ना खोडली. जिन्यात प्राचार्य भेटले.

"गेली ना मॅडम मेल?"

"गेली," बाई म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या मध्याला विद्यापीठाचं दोन ओळींचं पत्र आलं. आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे आम्ही दुसऱ्या शहरातल्या संस्थेचा विचार करत आहोत, क्षमस्व. बाईंनी प्राचार्यांना सांगितलं की मेल पाठवली होती, तिकडे पोचली नसणार. प्राचार्यांनी टेबलावरचं पेपरवेट फिरवलं आणि म्हणाले, "असेल, असेल."

मग एकेक गोष्ट पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळत गेली. करारच नाही म्हटल्यावर व्यवस्थापनाने ठरवलं की फ्रेंचचं एवढं लोढणं कशाला? जूनपासून पहिल्या वर्षाला बाहेरची संस्था येऊन सर्टिफिकेट कोर्स घेईल. एप्रिलमध्ये आकांक्षाच्या तासिका बंद झाल्या. जाताना तिने आपल्या टेबलाचा खण रिकामा केला, शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांचा निरोप घेतला. एक्केचाळीसमध्ये मात्र डोकावली नाही. सुशांत पास झाला आणि मालाडच्या कॉल सेंटरमध्ये इंग्रजीतून तक्रारी ऐकायला लागला.

बाई जिंकल्या होत्या. पुढच्या वर्षासाठी त्यांच्याकडे विभाग होता, खोली होती, चावी होती, आणि वरच्या वर्गांतली उरलीसुरली एकवीस मुलं.

जूनमध्ये एका सकाळी दारावरची बेल वाजली तेव्हा माधवराव अंघोळीला गेले होते. बेल दहा मिनिटं वाजत राहिली. दाराशी त्यांची पुण्याची बहीण सामान घेऊन उभी होती. बाई चार पावलांवर बसून वाचत होत्या. दुसऱ्या दिवशी माधवरावांनी टॅक्सी बोलावली, बाईंना आत बसवलं आणि मग सांगितलं, कुठे चाललोय ते.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख समोर धरला. रेघ उजवीकडे घसरत गेली होती. "स, फ, त असे बारीक आवाज तुमच्यापर्यंत जवळजवळ येतच नाहीत. किती वर्षं झाली?"

"अलीकडेच," बाई म्हणाल्या.

"आठ," माधवराव म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस आठ वर्षं मोजत होता आणि गप्प होता. माधवरावांनी चष्मा पुसला. "बोललो असतो तर तू मलाही सोडलं नसतंस," ते म्हणाले.

कानांत यंत्रं आली. पहिले दोन दिवस कुकरची शिट्टी, भांडी, पेपरची घडी, सगळंच अंगावर आल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी बाई वर्गात फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच बोललं.

"कानात घातलंय बघ. जपून बोल आता."

"आता काय घंटा उपयोग? घाडीगावकर मॅमची नि सुशांतची वाट लावून झाली ना."

बाईंचा खडू थांबला. वळून त्यांनी कुणाला उभं केलं नाही. वाक्य पुरं लिहिलं, तास पुरा केला. खोलीत येऊन दार लावलं आणि लॅपटॉप उघडला. मेल तिथेच होती, जानेवारीची तारीख लावून.

त्या संध्याकाळी त्यांनी मादाम वेरोनिकना स्वतःच्या नावाने दुसरी मेल लिहिली. तांत्रिक अडचण, गैरसमज असले शब्द त्यांच्या हाताशी आले होते, ते खोडले. लिहिलं की संमतिपत्र तयार होतं, ते मी जाणूनबुजून पाठवलं नाही, यात आकांक्षा घाडीगावकर आणि विद्यार्थी यांचा काही दोष नाही, शक्य असेल तर अजूनही त्यांचा विचार करावा. पाच दिवसांनी उत्तर आलं. करार दुसऱ्या शहरातल्या कॉलेजशी झाला होता, तीन वर्षांसाठी. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार.

त्या उत्तराचा कागद छापून पर्समध्ये घेऊन पद्मजाबाई जुलैतल्या एका रविवारी संध्याकाळी घोडपदेवला गेल्या. आकांक्षा तिथे चाळीतल्या मंडळाच्या खोलीत फ्रेंचचे वर्ग घेते, एवढं त्यांना कळलं होतं. तीस वर्षं परळला नोकरी करून त्या या गल्लीत कधी शिरल्या नव्हत्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई तांदूळ निवडत होती. चेहऱ्यावरूनच ती आकांक्षाची आई असणार हे ओळखू येत होतं. तिचं नाव शेवंती.

"कोण व्हया?" तिने विचारलं.

"मी पद्मजा तळपदे. कॉलेजातली."

शेवंतीचे हात थांबले. तिने आत तोंड करून हाक मारली, "आकांक्षा, तुझी मॅडम इली हा," आणि पुन्हा सुपात डोकं घातलं.

आकांक्षा मंडळाच्या खोलीच्या दारात आली. आत सतरंजीवर पंधरा-सोळा मुलं बसली होती. ती बाहेर आली, दार ओढून घेतलं. तिची नजर बाईंच्या कानाकडे गेली आणि परतली.

"बोला."

बाईंनी कागद काढला. काय सांगायचं ते त्यांनी टॅक्सीत तीनदा घोकलं होतं. "आकांक्षा, ती मेल मी पाठवलीच नव्हती."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मार्चमध्ये मी त्यांनाच लिहून विचारलं. ते म्हणाले, तुमच्याकडून काही आलंच नाही. मी सामंत सरांकडे गेले. सर म्हणाले, जाऊ दे ना, मॅडमचं एक वर्ष राहिलंय, कशाला त्यांचा शेवट वाईट करायचा. एका पारड्यात तुमचं एक वर्ष आणि दुसऱ्यात आम्ही सगळे, मॅडम. सरांनी बरोबर तोललं."

पद्मजाबाईंनी कठड्याला हात टेकला. कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. पेपरवेट फिरवत 'असेल, असेल' म्हणणाऱ्यालाही. त्यांची कीव करून त्यांना राहू दिलं होतं, आणि त्या मात्र आपण जिंकलो असं समजून रोज चावी फिरवत होत्या.

"मी त्यांना आता खरं कळवलंय," त्या म्हणाल्या. "हे उत्तर. उपयोग झाला नाही. मी माफी मागायला आलेय."

आकांक्षाने कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"डिसेंबरमध्ये मी गप्प बसले, त्याचं मला वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू? पण ते तुमच्या-माझ्यातलं होतं. मेलचं तसं नाही. माझ्याकडे माफी कसली मागता? सुशांत आत बसलाय. रविवारी सुटी असते त्याला, येतो अजून. त्याला सांगा."

"सांगते. त्याला बाहेर बोलाव."

"बाहेर नाही. आत या. आणि फ्रेंचमध्ये सांगा. तुम्ही सांगायचात ना, आमची फ्रेंच घोडपदेवची बोली आहे म्हणून? त्यांना तुमची कळते का बघू या."

बाईंना वाटलं, आल्या पावली फिरावं. शेवंती मान वर न करता तांदूळ निवडत होती. शेजारच्या दारातून दोन बायका बघत होत्या. बाईंनी चपला काढल्या आणि आत गेल्या.

मुलं सरकून बसली. सुशांत भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढली होती. त्याने उठायची हालचाल केली आणि मग उठला नाही.

पद्मजाबाई फळ्याजवळ उभ्या राहिल्या. या वेळी हातात कागद नव्हता. त्यांनी फ्रेंचमध्ये सांगितलं की जानेवारीत एक पत्र पाठवायचं होतं. पत्र तयार होतं. ते मी पाठवलं नाही. सुशांत, तुझी जागा माझ्यामुळे गेली. मी खोटं बोलले. वाक्यं छोटी होती. बोलता बोलता एका क्रियापदाचं रूप चुकलं. ते त्यांच्या लक्षात आलं, पण त्या मागे गेल्या नाहीत.

"का?" सुशांतने फ्रेंचमध्येच विचारलं.

"मत्सर," बाई म्हणाल्या. फ्रेंचमध्येही तो एकच शब्द होता.

सुशांत गुडघ्यावर बोट घासत राहिला. मग मराठीत म्हणाला, "माझ्या आईने पासपोर्टसाठी दोन दिवस खाडे केले होते मॅडम. वॉर्डमध्ये सगळ्यांना सांगून बसली होती, पोरगा फ्रान्सला चाललाय. अजून विचारतात तिला, कधी जातोय म्हणून. ती सांगते, व्हिसा अडकलाय."

बाईंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी काय बोलू आता?" सुशांत म्हणाला. "ठीक आहे म्हणू? नाही म्हणणार."

"नको म्हणूस," बाई म्हणाल्या.

"झालं?" आकांक्षाने विचारलं. प्रश्न कुणाला होता कळलं नाही. तिने खडू उचलला. "चला, पान चौदा. सुशांत, वाच."

सुशांत वाचू लागला. बाई बाहेर पडल्या. गॅलरीत वाकून चपलेचा पट्टा लावताना त्यांचा तोल गेला, तसा शेवंतीने सूप बाजूला ठेवून त्यांना कोपराला धरलं.

"बसा वायच. पाणी देतंय," ती म्हणाली, आणि सवयीने पुढे बोलून गेली, "चाय टाकूं काय?"

आतून आकांक्षाचा आवाज आला. "आई, चहा नको टाकूस. मॅडम निघाल्यात."

शेवंतीने कोपर सोडलं. पद्मजाबाईंनी दुसऱ्या चपलेचा पट्टा लावला, कठडा धरला आणि जिना उतरू लागल्या.